दौतीचं झाकण

अण्णा अर्जनवीस लिहून झालेला अर्ज पक्षकाराला वाचून दाखवत नसत, झाडाला दाखवत. अलिबागच्या कचेरीच्या आवारात तेव्हा एक उंडीचं झाड होतं. त्याच्या सावलीत अण्णांची बैठक असे. एक चटई, उतरतं मेज, पितळेची झाकणाची दौत आणि तपकिरीची डबी, एवढाच त्यांचा संसार. अर्जाची शेवटची ओळ झाली की अण्णा उठायचे, वहाणा काढून बाजूला ठेवायचे, टोपी सारखी करायचे आणि उंडीसमोर अदबीनं उभं राहून ‘मेहेरबान मामलेदारसाहेब यांचे हुजुरास’ इथपासून थेट खालच्या सहीपर्यंत सगळं खणखणीत आवाजात वाचायचे. वाचताना मध्येच थांबायचे, मान हलवायचे, “छे छे, इथं साहेब जांभई देतो,” म्हणून पुन्हा खाली बसायचे आणि ओळ बदलायचे.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. अण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “हस, हस. पण साहेबापुढं तुला उभंच राहायचंय ना? मग अर्जही उभ्यानंच वाचून बघायला हवा. त्यात दम आहे की नाही ते पायांना कळतं.”

दम हा त्यांचा लाडका शब्द होता. कुणाचा अर्ज फेटाळला गेला असं कानावर आलं की पहिला प्रश्न, “कुणी लिहिला होता? दम नसेल त्यात.” पक्षकार रडायला लागला की म्हणायचे, “रडणं अर्जात लिहिता येत नाही, बाई. काय झालं ते सांगा. साहेबाला रडवायचं काम माझं.” आणि खरंच रडवायचे हो! थळच्या एका म्हातारीची बकरी कोंडवाड्यात गेली होती. अण्णांनी तिचा अर्ज असा लिहिला की मामलेदारांनी बकरी तर सोडलीच, वर म्हातारीला बोलावून बकरीची तब्येत विचारली. ही हकिगत अण्णांनी मला तीनदा सांगितली आणि तिन्ही वेळा बकरीचा रंग वेगळा होता.

त्यांची आणखी एक रीत होती आणि माझं सगळं दुखणं त्या रीतीशीच आहे. पक्षकाराकडून ते सगळी हकिगत तीन वेळा वदवून घेत. पहिल्या वेळी माणूस लोकांना सांगायचं ते सांगतो, दुसऱ्या वेळी स्वतःला पटलेलं सांगतो, खरं काय ते तिसऱ्या वेळी बाहेर पडतं, असा त्यांचा हिशेब. आणि तिसऱ्या वेळी माणूस अडखळला, इकडेतिकडे बघायला लागला, की अण्णा टाक खाली ठेवायचे, दौतीचं झाकण टप्पकन लावायचे आणि म्हणायचे, “लावलं झाकण. आता बोल. हे कागदावर यायचं नाही.”

त्या टप्प आवाजावर अर्ध्या तालुक्यानं आपली गुपितं त्यांच्यापुढं ओतली असतील. मीही ओतलं.

आम्ही भंडारी. अलिबागेहून रेवदंड्याला जाणाऱ्या रस्त्यावर आमची वाडी. वाडीत छेवायचे माड अकरा. माडाची पोय, म्हणजे न उमललेला फुलोरा, बांधायचा, ठोकायचा, सकाळ-संध्याकाळ तिचं टोक कोयत्यानं तासायचं, म्हणजे थेंब थेंब माडी मडक्यात उतरते. प्रत्येक माडाची सरकारी पट्टी भरायची आणि बुंध्यावर सरकारी आकडा. आकडा नसलेल्या माडाला कोयता लावला की गुन्हा. एवढं सगळं करून माडी विकायची मात्र आम्हाला मुभा नव्हती. गावच्या दुकानाचा मक्ता घेतलेला एक शेठ होता. माडी त्यालाच घालायची, तो देईल त्या भावाला.

बाबांचे गुडघे त्या वर्षी साफ गेले. पन्नास वर्षं माडावर चढलेला माणूस ओटीची पायरी चढताना खांब धरायला लागला. चढायचं काम माझ्यावर आलं. मी एकवीस वर्षांचा होतो, मराठी पाच यत्ता शिकलेला, आणि मुंबईचा मामा गोदीत लावतो म्हणून मागं लागला होता. शेठच्या भावात घर चालणं शक्यच नव्हतं. मला मुंबई नको होती. मला माझी वाडी, माझी खाडी आणि आईच्या हातचा भात हवा होता. अशात कुणीतरी सांगितलं की स्वतःच्या झाडाखाली बसून स्वतःची माडी विकण्याचाही एक परवाना असतो. मोठं दुकान नको, मक्ता नको. सकाळी मी उतरवायची आणि आईनं अंगणात बसून विकायची. तो परवाना मिळाला तर मी राहणार होतो, नाही मिळाला तर गोदीत जाणार. दुसरा मार्ग नव्हता.

म्हणून बाबांना घेऊन मी अण्णांकडे गेलो. बाबा थोडा वेळ बसले आणि पाय अवघडले म्हणून पाणपोईकडे गेले. दोनदा हकिगत झाली. तिसऱ्यांदा अण्णा म्हणाले, “माड मोज.”

“अकरा.”

“सगळे सांग. सांगायचा राहिला तोच माड साहेबाला दिसतो.”

मी उंडीकडं बघायला लागलो. अण्णांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. टाक खाली ठेवला. टप्प! “लावलं झाकण.”

आता हे समजायला आमच्या गावात जन्मावं लागतं. वाडीच्या कोपऱ्यात, शिवेला लागून, एक बारावा माड होता. तो राखणदाराचा. राखणदार म्हणजे गावाची शीव सांभाळणारा. त्याला देऊळ नाही, मूर्ती नाही. एक दगड आणि त्याच्यामागं तो माड. दर अवसेला त्या माडाची माडी उतरवून दगडाला दाखवायची आणि तिथंच मातीत ओतायची, हा मान आमच्या घराचा. त्यातला थेंब कुणी विकला नाही, कुणी प्यायला नाही. आणि आकडे टाकायला सरकारी माणसं आली तेव्हा आमच्या आजोबांनी अकरा माड दाखवले. लपवावं म्हणून नाही हो. बारावा आमचा आहे हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. देवाच्या माडाची पट्टी माणसानं कशी भरायची? साऱ्या गावाला तो माड ठाऊक होता आणि गावाबाहेर त्याचा उच्चार कुणी करत नसे. माडी पिऊन एकमेकांची डोकी फोडणारेसुद्धा त्या माडाबद्दल चकार शब्द काढत नसत.

बाबा जन्मात बोलले नसते. बोललो मी. झाकण लावलेलं होतं म्हणून.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या पाठीवर हात ठेवला. “बरं केलंस सांगितलंस. हा माड अर्जात यायचा नाही. आता बघ कसा लिहितो ते.”

आणि काय लिहिला म्हणून सांगू! बाबांचे गुडघे, आईचा स्वच्छ ओटा, माझं पाच यत्तांचं शिक्षण, सगळं त्या कागदात असं बसलं होतं की आम्ही मोठे खानदानी लोक आहोत असं मलाच वाटायला लागलं. अण्णांनी वहाणा काढून तो उंडीला वाचून दाखवला तेव्हा बाबांनी टोपी काढून हातात धरली. घरी येताना बैलांच्या दमणीत बाबा म्हणाले, “मानूस देवमानूस हाय, पोरा.” मीही तेच म्हणत होतो.

परवान्याची नोटीस चावडीवर लागली. कुणाची हरकत असेल तर महिन्याच्या आत कळवावी, असा तो कायदा. शेठची हरकत येणार हे उघड होतं. त्याच्या दुकानात उठबस करणाऱ्या चाळीस जणांचे अंगठे त्यानं गोळा केले, हेही कळलं. आम्ही फारसं मनावर घेतलं नाही. त्या चाळिसांत राखणदाराचं नाव घेणारा एकही नव्हता, याची मला खात्री होती.

मामलेदारांपुढं चौकशीचा दिवस आला. खोली भरलेली. कारकुनानं हरकतीचा अर्ज वाचायला घेतला. पहिला मुद्दा, आमची वाडी शाळेजवळ आहे. मामलेदार म्हणाले, “किती जवळ?” शेठ चाचरला. दुसरा मुद्दा, अंगणातून पाणवठ्याची वाट जाते. मामलेदारांनी तोही हातानंच उडवला. मी बाबांकडे बघून हसलो. मग कारकुनानं तिसरा मुद्दा वाचला. तो मला अजून तोंडपाठ आहे: ‘अर्जदाराचे वाडीचे कोपऱ्यास एक माड असा उभा आहे की, ज्यास सरकारी आकडा नाही, पट्टी नाही, परंतु कोयता आहे. सदर माडाची माडी एका देवतेचे नावे निघते. ती देवता किती पिते आणि अर्जदार किती विकतो, याचा तपास सरकारने अवश्य करावा.’

खोलीत खसखस पिकली. मामलेदारसुद्धा हसले. बाबांना ओळख पटायला वेळ लागला, पण मला नाही लागला. ‘पट्टी नाही, परंतु कोयता आहे’ असं लिहिणारा माणूस कुलाबा जिल्ह्यात एकच होता. मला ती ओळ कारकुनाच्या नाही, अण्णांच्या आवाजात ऐकू आली. वहाणा काढून, टोपी सारखी करून ते ही ओळ उंडीला वाचून दाखवतायत, असं समोर दिसलं.

बाहेर आलो तर अण्णा नेहमीच्या जागी तपकीर ओढत बसलेले. त्यांनी नजर चुकवली असती तरी मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, “ये शिवराम, बस. काय म्हणाले साहेब?”

“तुम्ही लिहिलात तो?”

“हो. शेठ आला होता.”

एवढं सरळ! मी म्हटलं, “किती दिले शेठनं?”

अण्णांचा चेहरा पडला. त्यांना खरोखर लागलं. “तू दिलंस तेवढंच. पै जास्त घेतली असेल तर हात झडो. मी अर्ज लिहितो, शिवराम, बाजू घेत नाही. माझ्यापुढं बसेल तो माझा पक्षकार. आज तू, उद्या शेठ.”

“पण माड शेठला कुठं ठाऊक होता? अंगठेवाल्यांनी सांगितला?”

अण्णांनी डबी बंद केली. पुन्हा उघडली. “नाही. त्यांनी शाळेचं सांगितलं आणि पाणवठ्याचं. दोन्ही लटकं. झाडाला वाचून दाखवला तर साफ मेलेला अर्ज. तीनदा बसलो, तीनदा फाडला. त्यात दम येईना रे. माझ्या अक्षरातला अर्ज असा लुळा साहेबापुढं जायचा... मग ते सुचलं. एकदा सुचल्यावर हात थांबेना.”

पैशासाठी विकलं असतं तर समजलो असतो. शेठच्या धाकानं केलं असतं तरी समजलो असतो. या माणसानं आमचा देव आणि माझं घर एका ओळीच्या झोकासाठी दिलं होतं. आणि ते सांगताना, खोटं नाही सांगत, त्या ओळीचं थोडं कौतुकही होतं त्यांच्या डोळ्यांत.

“तुम्ही झाकण लावलं होतंत, अण्णा,” मी म्हणालो. “मी माड तुम्हाला सांगितला होता. तुमच्या टाकाला नव्हता सांगितला.”

अण्णांनी दौतीकडं पाहिलं. “झाकण लावलं होतं खरं,” ते म्हणाले. बस, एवढंच.

तिसऱ्या दिवशी अबकारीचा इन्स्पेक्टर वाडीत आला, सोबत एक कारकून. सरळ कोपऱ्यातल्या माडाशी गेले. बुंध्यावर चढण्याच्या खाचा, वर बांधलेली पोय, सगळं जागच्या जागी. सारा गाव कुंपणाशी गोळा झालेला.

इन्स्पेक्टरनं विचारलं, “हा माड कुणाचा?”

“राखणदाराचा हाय,” बाबा म्हणाले.

कारकुनानं लिहायला सुरुवात केली. “राखणदार. बापाचं नाव? राहणार कुठला?”

कुणी हसलं नाही. बाबा म्हणाले, “त्याला बापूस न्हाय. तो हितलाच.”

“मग त्याला हजर करा. नाहीतर माड बेवारशी म्हणून तोडून टाकावा लागेल.”

बाबांनी दगडाकडे पाहिलं, गावाकडे पाहिलं. मी पुढं व्हायला निघालो तर त्यांनी हातानंच मला मागं सारलं. मग खांब धरायची सवय झालेला तो माणूस कशाचाही आधार न घेता ताठ उभा राहिला आणि म्हणाला, “लिवा. माड माझा हाय. छेवला बी मीच. त्याचा काय दंड असल तो मला करा, माडाला हात लावू नका.”

दंड झाला, तो भरला. परवाना नाकारला, आणि पुढच्या सालापासून आमच्या अकरा माडांचे आकडेही गेले, छेवणं बंद झालं. त्याचं काही नाही. पण राखणदाराचा माड माझा आहे असं बाबांनी चारचौघांत म्हटलं, कागदावर अंगठा दिला, आणि त्या दिवसापासून ते त्या कोपऱ्यात फिरकले नाहीत. अवस आली की ओटीवर तोंड फिरवून बसायचे. आई म्हणायची, “आवो, जावा ना, तो काय रागावलाय?” बाबा म्हणायचे, “कंच्या तोंडान जाऊ? मी त्याचा माड घेतलाय.”

माडी दाखवायची रीत आमच्या घरात तिथं संपली. मी मुंबईला गोदीत लागलो.

आठ-नऊ वर्षं गेली. शिमग्याला घरी आलो होतो. दुपारी एक बैलगाडी दारात थांबली आणि गाडीवानाचा हात धरून अण्णा उतरले. ओळखूच येईनात. डोळ्यांवर पडदा आलेला, हात लटलट कापत होता. मी आत निघून जाणार होतो. पण बाबाच खांब धरून उठले. “या अण्णा. किती दिसांनी! पानी आन गं.” आईनं पाणी आणलं, पण तांब्या ठेवला तो आदळलाच.

अण्णा म्हणाले, “बसायला नाही आलो. तुम्ही त्या कोपऱ्यात फिरकत नाही असं ऐकलं. तो माड कुठं आहे तेवढं दाखवा.”

बाबा जागचे हलले नाहीत. गाडीवानानं अण्णांना कोपऱ्यापर्यंत नेलं. तिथं अण्णांनी वहाणा काढल्या. टोपी सारखी केली. सदऱ्याच्या खिशातून एक कागद काढला आणि त्या दगडासमोर, माडासमोर, उभं राहून वाचायला लागले. डोळ्यांना दिसत नव्हतं, कागद नुसता हातात. सगळं पाठ होतं. ‘मेहेरबान राखणदारसाहेब, मौजे मजकूर, यांचे हुजुरास...’ आवाज मात्र तसाच खणखणीत. बाबांनी कुणाच्या धाकानं नाही, तर माड वाचावा म्हणून तो आपला म्हटला. खोटा अंगठा देऊन त्यांनी राखणदाराचीच राखण केली. पन्नास वर्षं ज्यानं एक थेंब चाखला नाही, त्याच्या हातची माडी हुजुरांनी पुन्हा गोड मानून घ्यावी. असा तो अर्ज. कुंपणापाशी उभ्या राहिलेल्या बाया पदरानं डोळे पुसत होत्या.

आणि बाबा? ओटीवरून उतरून, कुंपणाचा आधार घेत घेत, नऊ वर्षांनी त्या कोपऱ्यात येऊन उभे राहिले होते. रडत होते. “काय लिवलाय! काय लिवलाय, पोरा! आता ऐकल तो.” अण्णांनी कागदाची घडी केली, चाचपडत माडाच्या खाचेत खोचली, आणि माझ्या दिशेनं तोंड करून विचारलं, “दम आहे ना रे, शिवराम?”

“आहे,” मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

गाडी गेल्यावर आई चुलीशी पुटपुटत होती, “जल्लं मेलं ते लिवणं!” बाबा दगडाभोवतीचा पालापाचोळा काढत बसले होते. मी खाचेतला कागद काढला आणि वाचला. अक्षर वेडंवाकडं झालेलं, पण वेलांटी तीच. एकदा वाचला, दोनदा वाचला, त्यांच्याच रीतीप्रमाणं तिसऱ्यांदा वाचला. बाबांचे गुडघे होते, शेठ होता, इन्स्पेक्टर होता. मी मुंबईला गेलो तेही होतं. अण्णा मात्र त्यात कुठंच नव्हते. ‘सदर माडाची बातमी सरकारास लागली’ एवढंच लिहिलं होतं. कुणी लावली, कुठल्या झाडाखाली, कुणाचं ऐकून, त्याचा एक शब्द नाही. सगळे माड सांग म्हणणाऱ्या माणसानं स्वतःचा तेवढा गाळला होता.

खिशातली पेन्सिल काढून मी खाली लिहिलं: ‘अर्जदार अर्जनवीस यांचे बाबतीत माझी हरकत आहे.’ सही केली आणि कागद होता तसा खाचेत ठेवला.

पुढच्या अवसेपासून बाबा पुन्हा कोपऱ्यात जायला लागले. माडी नव्हती, तर नारळाचं पाणी ओततात आणि हसत घरी येतात, असं आईनं पत्रात कळवलं. हे अण्णांनी दिलं, हे मी नाकारत नाही. त्याच पावसाळ्यात अण्णा गेले. निरोप मुंबईला आला तेव्हा बरोबरच्यांनी विचारलं, कोण होते तुमचे? मी उगीच म्हटलं, आमचे अर्ज लिहायचे.

तो कागद पावसानं कधीच विरघळून गेला असेल. माझी हरकत मी अजून मागे घेतलेली नाही.